म्हशीत नापास झालेलं दूध

प्रिय मामंजी,

तुम्ही होता तोवर तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं, असा आपल्या घरचा रिवाज होता. आज उलटं करते. आपल्या मुक्ताला मुलगा झाला. आईसारखाच घाईचा, दिवस भरायच्या आत आला. बीडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. मुक्ता वाटीत दूध पिळते, सिस्टर ते नळीनं त्याच्या पोटात सोडते. वाटीचा तळ जेमतेम ओला झाला की पोरगी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मला तुम्ही आठवता.

मुक्ता अशाच पेटीत होती, आठवतं? दुष्काळात माणसं टँकरवर आणि जनावरं छावणीत. तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन. माझं दूध पातळ दिसतं असं कुणीतरी म्हणालं. तुम्ही ‘डॉक्टरला दाखवतो’ म्हणून थोडं नेलंत आणि सोसायटीच्या, दूध गायीचं की म्हशीचं ते ठरवणाऱ्या फॅट मशीनला लावलंत!

वॉर्डाच्या दारातून निकाल आला. “सूनबाई, गायीत पास हाय. म्हशीत न्हाई बसत.”

“मामंजी, मी दोन्हींत नाही.”

“तसं न्हाई गं. पोरगी लई बारीक हाय. दाट पायजे तिला.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हशीच्या दुधाची बरणी घेऊन हजर. सिस्टरनं दारातच अडवलं. “आजोबा, हे तिच्या आतड्याला झेपणार नाही. आईचंच लागतं.”

“अवो बाई, फॅट बघून आनलंय.”

“मग वासराला पाजा.”

मीही हसले. पण नंतर पिळायला बसले तर वाटी कोरडी. तुमचं मशीन माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. माझं आटलं तर नळीतून काय सोडणार होते, मामंजी?

सिस्टरनं मुक्ताला पेटीतून काढून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं. रोज तसंच. हळूहळू पान्हा परत आला.

घरी आल्यावरही ती दोन घोट ओढायची आणि दमून झोपायची. उरलेलं वाटी-चमच्यानं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी यायचं नाही, म्हणून तुम्ही पडद्याबाहेर बसून विचारायचात, “ओढली का?” एका दुपारी तिचे घटाघट घोट बाहेरपर्यंत ऐकू गेले. तुम्ही खाकरलात, चपला घातल्या आणि निघून गेलात. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला म्हणे सांगितलंत, “आमची नात आईचं पिती.” सगळ्या गावाला सांगितलंत. मला एक शब्द नाही. का हो?

आता आजी होऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्यावर कळतंय. तुम्ही भ्यायला होता. आणि भीती मोजायला तुमच्या हाताशी तेवढं एकच यंत्र होतं.

उद्या मुक्ताचे सासरे परळीहून येताहेत. फोनवर म्हणाले, “विहीणबाई, शेळीचं आनतो. हलकं असतंय.” मामंजी, शब्द देते, त्यांना हसणार नाही. शेजारी बसवून घेईन. मुक्ताच्या कानावर काही जाऊ देणार नाही. आणि त्यांनी आणलेल्या दुधाचा आम्हा दोघांना चहा करीन.

तुमची,
सुनंदा