नाताळचा गोळाभात

५ डिसेंबर, शुक्रवार

विहीणबाईंचा फोन! सहा वर्षांत पहिल्यांदा.

नंबर अनोळखी, उचलणारच नव्हते. "मी जयवंता बोलून राह्यली. सुहासची आई." माझे हात कणकेत. मी नुसती "हो, हो" करत राहिले — वेडीसारखी.

म्हणाल्या, नाताळला जेवायला या. "रुचिका तोंडानं काई म्हनत नाई. पण सण आला का तिचं तोंड उतरते. मले दिसते ना."

मी म्हटलं, "हे नाई येनार."

"मंग तुम्ही एकट्या या. आमच्याइकडं नाताळले मटन पुलाव अस्ते, माह्या सासूच्या वेळपासून. यंदा नाई करत. त्याच्या जागी काय करू, ते तुम्हीच सांगा."

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. घाम आला होता, थंडीत!

रुचिकानं लग्न केलं तेव्हा ह्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं — "लेक आपली, पण त्या घरचं पाणी नाई प्यायचं." ते ख्रिस्ती लोक, मटण खाणारे. आमच्या घरात अंडंही येत नाही. मी मान हलवली. तेव्हापासून रुचिका मला भेटते ती पुलगावच्या बस स्टँडवर, नाहीतर कोणाच्या लग्नात, मंडपामागे. तिचं सासर सावंगीला, ते इथून काही काशीइतकं लांब नाही. पण तिचं घर मी पाहिलेलं नाही. नात चार वर्षांची झाली, ती बहुतेक फोनमध्येच.

ह्यांना काही सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस डोक्यात एकच — मटण पुलावाच्या जागी काय?

भरीत? ते शेतावरच्या पार्टीत. सणाच्या ताटात मधोमध भरीत ठेवलं तर त्यांचे पाहुणे काय म्हणतील! पाटोडी रस्सा चांगला, पण तो भाकरीसंगतीचा. त्यांना भात लागतो. हिरव्या तुरीचे सोले आता बाजारात आलेत, सोलेभात होईल. पण तो रोजचाच वाटतो.

शेवटी पनीर सुचलं. सगळे करतात. ठीक आहे, पनीर.

८ डिसेंबर, सोमवार

हे आपल्या दुकानात गेल्यावर मीच फोन लावला. पनीर म्हटलं.

जयवंताबाई म्हणाल्या, "ताई, रोशनीले दूध नाई चालत. अंगावर गांधी उठतात. दही, तूप, पनीर, काईच नाई."

माझ्या नातीला दूध चालत नाही — हे मला विहिणीकडून कळलं. आणि मी मागच्या राखीला रुचिकाजवळ पेढ्यांचा डबा दिला होता. "रोशनीसाठी, माझ्या हातचे." रुचिका "हो आई" म्हणून पिशवीत घालून घेऊन गेली. काय केलं असेल त्या पेढ्यांचं?

आज काही गोड लागलं नाही. चहा पण तसाच ठेवला.

१० डिसेंबर, बुधवार

गोळाभात! काऊन सुचलं नाही आधी?

हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्याचे गोळे, भातातच वाफवलेले, वरून शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी — हिंग, लाल मिरची. दूध नाही, तूप नाही. सोबत कढीऐवजी चिंचेचं सार. आमच्याकडे सणाला, पाहुण्याला करतात. रुचिका लहान होती तेव्हा गोळे आधी मोजायची, मग जेवायला बसायची.

जयवंताबाईंना सांगितलं. त्यांनी कधी केला नव्हता. "सांगा, मी लिवून घेते." मी सांगत गेले — डाळ पिठासारखी दळू नका, भरड ठेवा. मोहन कडकडीत घाला. पाणी कमीच. भात अर्धा शिजला की गोळे अलगद मांडा, मग झाकण काढायचं नाही, चमचा तर घालायचाच नाही.

त्या म्हणाल्या, "वार्डात पेशंटले सुई टोचताना एवढी भ्याली नाई मी." तीस-पस्तीस वर्षं नर्स होत्या. आता घरी असतात.

मी मोठ्यानं हसले. शेजारच्या छायानं गच्चीवरून विचारलं, "कोनाशी बोलून राह्यल्या काकू?" मी म्हटलं, मावसबहीण.

१३ डिसेंबर, शनिवार

त्यांनी करून पाहिला. गोळे फुटले! सगळे विरघळून गेले. "सुहासनं पिवळी खिचडी समजून खाल्ली, अन् वरून म्हने चांगली झाली."

मी विचारलं, पाणी किती घातलं? भरपूर घातलं होतं. सांगितलं ना कमी म्हणून!

"तुम्ही इथं असत्या तं झालं असतं," म्हणाल्या. सहज म्हणाल्या. मला मात्र दिवसभर तेच ऐकू येत राहिलं.

१७ डिसेंबर, बुधवार

रोजच बोलतो आता. हे दुकानाला गेले की. त्या चर्चच्या गोष्टी सांगतात, मी पोथीच्या. गुडघे दोघींचे दुखतात. त्यांचे मालक लवकर गेले, सुहास तेव्हा शाळेत होता. रात्रपाळी करून वाढवला. मला हे काहीच माहीत नव्हतं. लेक दिली — म्हणजे दिली तरी कुठे, ती गेली — पण ज्या घरी गेली तिथली बाई कशी आहे, हे मी कोणाला एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्यांदाही गोळे फुटले. पण निम्मेच.

२१ डिसेंबर, रविवार

जमले! फोटो पाठवला. एक गोळा तडकलेला, बाकी शाबूत. मी परत परत पाहिला.

पाहुणे बरेच येणार आहेत. चर्चमधले दोन घरचे, सुहासचा मोठा काका. सगळ्यांना गोळाभातच. "माह्या दिरानं विचारलं, मटन काऊन नाई? मी म्हटलं, रुचिकाची माय येनार हाय. आता काई बोलू नका."

माझ्यासाठी वेगळं भांडं नको, सगळ्यांसाठी तेच करते म्हणाल्या. घरात पातेलं नवीन आणलंय.

ह्यांना सांगायला हवं. उद्या.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज सांगितलं. जेवताना. "पंचवीसला सावंगीला जाऊन येते. रुचिकाकडं. जेवायला बोलावलं हाय."

घास हातातच राहिला त्यांचा. रागावतील म्हणून मी वाट पाहिली. रागावले नाहीत. चेहरा पांढरा पडला — तसा त्यांचा मी कधी पाहिला नव्हता. मग म्हणाले, "तूच बोलली काय त्याइच्याशी?"

"हो. सगळं शाकाहारीच हाय."

"जा. मी कोन अडवनारा." ताटावरून उठले. भात तसाच.

इतका दुखावतो हा माणूस अजून! मला वाटलं होतं, सहा वर्षांत मऊ पडला असेल.

२५ डिसेंबर, गुरुवार

गेले नाही.

सकाळी निळी इरकल नेसून तयार होते. पिशवीत रोशनीसाठी फल्लीची चिक्की, घरी केलेली, तेलाचा हात लावून. हे पलंगावर बसले आणि छाती धरली. "कसंतरी होऊन राह्यलं, शकुंतला." मी लिंबूपाणी दिलं, पाठ चोळली. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणाले. मला नीट दिसत होतं — घाम नाही, धाप नाही, हात गरम. काही झालं नव्हतं. पहिली बस गेली. दुसरी गेली. तेव्हा ते झोपले होते, चांगले घोरत होते. मी पिशवी उचलून निघू शकत होते! दाराशी गेले पण. चप्पल घातली, आणि परत काढली.

कोणी हात धरला नव्हता माझा.

रुचिकाला फोन केला. ह्यांची तब्येत, म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे आई." मागे पाहुण्यांचा गलका, रोशनीचा आवाज. "सासूबाई थांबल्या होत्या, कोणाला वाढलं नाही अजून. आता वाढायला सांगते."

दुपारी ह्यांनी उठून दोन भाकरी खाल्ल्या. लोणचं मागितलं.

साडी बदलली नाही मी. तशीच बसून आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

बोलले नाही कोणाशी. हे माल पाहायला वर्ध्याला गेले, सकाळीच. छाती बरी झाली एकदाची!

२७ डिसेंबर, शनिवार

जयवंताबाईंचा फोन. मी हात जोडूनच फोन घेतला, त्यांना दिसत नव्हते तरी.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तब्येत म्हटल्यावर काय करता." मग म्हणाल्या, "ताई, एकबी गोळा नाई फुटला. माह्या दिरानं दोनदा घेतला. विचारत होता, कोन शिकवलं?"

त्यांनीच मग विषय बदलला. "तुमचे हे..." म्हणाल्या आणि थांबल्या. "जाऊ द्या. तुम्ही येजा कधी पण. आता नाताळच पायजे असं काई नाई."

२९ डिसेंबर, सोमवार

उद्या जाते. ह्यांना विचारणार नाही. चिठ्ठी ठेवीन, नाहीतर छायाला सांगून जाईन. झाली छाती तर होऊ दे.

३० डिसेंबर, मंगळवार

गेले. आले.

सावंगीला उतरले तर रुचिका रस्त्यावरच उभी, स्कार्फ गुंडाळून. मला पाहून रडली, तिथेच, रिक्षावाल्यांच्या समोर. लहानपणी पडल्यावर रडायची तसं.

घर लहानसं, स्वच्छ. दारावर कागदाची चांदणी अजून टांगलेली. जयवंताबाई फोनवर वाटतात त्यापेक्षा बुटक्या आहेत. त्यांनी माझे हात धरले, मी त्यांचे. मग त्या म्हणाल्या, "पाय धुता काय? थंडीचं गरम पानी ठेवलं हाय."

साधं वरण, भात, मेथीची भाजी. त्यांच्याच ताटात वाढलं. मी पहिला घास घेतला — आणि काहीच झालं नाही. वरणात मीठ थोडं कमी होतं, एवढंच. ह्या एका ताटासाठी सहा वर्षं! लेकीचं बाळंतपण गेलं, नातीचं बारसं गेलं, पहिलं पाऊल, पहिला दात. जयवंताबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. ते पाणीही मी प्याले.

सुहास ड्यूटीवरून मुद्दाम येऊन गेला. वाकून नमस्कार केला. "आई, बसा आरामात." जावयाचा आवाज पहिल्यांदा समोरून ऐकला.

रोशनी माझ्याजवळ आली नाही. आईच्या पाठीमागून पाहत राहिली. चिक्की घेतली, पण मांडीवर नाही बसली. रुचिका म्हणाली, "ओळख होईल ना आई, वेळ लागतो." हो. फोनमधल्या बाईच्या मांडीवर कोण बसेल?

मग दाराशी गाडीचा आवाज आला आणि पोरगी एकदम धावत सुटली — "आजोबा आले! आजोबा!" गॅसवाला होता. हिरमुसून परत आली.

मी विचारलं, कोण आजोबा? हिच्या वडिलांचे वडील तर कधीच गेले. रुचिका म्हणाली, "शेजारचे एक येतात." जयवंताबाईंनी मान वर केली नाही. ताटं गोळा करत राहिल्या.

परत येताना बसमध्ये खिडकीशी बसले. पूर्ण रस्ताभर रुचिकाचा चेहरा आठवत होता. तिला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. कुठं गेलती, विचारलंच नाही.

१ जानेवारी, गुरुवार

आज ह्यांना विचारलं. सरळ.

दोन वर्षांपासून जातात. माल आणायला वर्ध्याला गेले की सावंगीला थांबतात, जेवतात, पोरीला गाडीवरून फिरवतात. रुचिकाला शपथ घातली होती, जयवंताबाईंनाही. पंचवीसला छाती का धरली? "पोरगी तुह्यासमोर माह्या गळ्यात पडली असती."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू पोथी-उपासवाली. मले वाटलं, तुले सहन नाई होनार."

मग जमिनीकडे पाहत — "सव्वीसले गेलतो मी. तुह्या वाट्याचा गोळाभात त्याइनं काढून ठेवला होता. मलेच वाढला. लय मस्त झालता."