डाव्या बाजूची

४ मार्च

आले एकदाची! घर वेधशाळेच्या आवारातच आहे. दोन खोल्या, ऐसपैस स्वयंपाकघर, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून थेट पांढरा घुमट. लग्नाला महिनाही झाला नाही, तोवर नवरा, घर, नोकरी आणि नऊ वर्षांची लेक असं सगळं एकदमच पदरात पडलं. फोनवर आई म्हणाली, आयत्या बिळावर नागोबा झालीस गं. मी म्हटलं, झाले तर झाले, बीळ छान आहे!

नवरा दुर्बिणीचे आरसे सांभाळतो. आरशावर धुळीचा कण दिसला तरी त्याचा चेहरा उतरतो. लेकीला सगळे टिल्ली म्हणतात. माझी बॅग तिच्याहून मोठी, तरी ओढत आत नेली आणि वर धापा टाकत मलाच दमलीस का म्हणून विचारलं. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. दिवसेंदिवस फिकी पडत गेली म्हणे, डॉक्टरांना काही सापडलं नाही. एवढंच मला ठाऊक आहे, आणि एवढं पुरे आहे.

७ मार्च

कामावर रुजू झाले. विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी काम समजावलं. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडलेत, त्यांच्या शेजारी आणखी एखादा मंद तारा दडलाय का ते शोधायचं. मूळ तारा इतका झगझगीत की शेजारचं काही दिसतच नाही. म्हणून त्याचा उजेड चित्रातून वजा करायचा. मागे करडं मैदान उरतं, आणि नशीब असेल तर त्यात एक ठिपका. पण ठिपका दिसला म्हणून लगेच हुरळायचं नाही. कुठेतरी फार मागे असलेला परका ताराही योगायोगाने त्याच रेषेत येतो. मग वर्षावर्षांच्या अंतराने काढलेली चित्रं जुळवायची. ठिपका ताऱ्याबरोबर सरकत गेला तर तो सोबती, मागे पडला तर परका.

मी म्हटलं, म्हणजे थोडक्यात सवत शोधायची. मोठ्या बाई हसल्या नाहीत. सोबत्याच्या ओढीने ग्रहाची वाट वाकडी होते, कधी तो पार बाहेर फेकला जातो, असं म्हणाल्या. जाता जाता हेही सांगितलं, की माझ्या आधी याच टेबलावर टिल्लीची आई बसायची. हे मला घरी कुणी सांगितलं नव्हतं.

१९ मार्च

जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. टिल्ली बापाच्या उजवीकडे, मी समोर, डावीकडची रिकामी. आज मी तिथे बसायला गेले तर टिल्लीने माझं ताट उचलून गुपचूप समोर ठेवलं. नवरा पाण्याचा पेला बघत राहिला. सोफ्यावर तेच. फिरायला निघालं तरी डाव्या हाताची जागा मोकळी सोडून चालतात दोघं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात, मेलेलीचं काय करणार?

तिच्या वेळच्या फोटोंची पेटी कपाटावर आहे. आल्या दिवशीच नवऱ्याने दाखवू का विचारलं होतं. मी नको म्हटलं. ती माझ्यापेक्षा सुंदर निघाली तर मला या घरात घास गिळता येणार नाही, हे खरं कारण.

२ एप्रिल

दुपारी कामाचा कंटाळा आला म्हणून आमच्या लग्नाचा फोटो संगणकावर चढवला आणि गंमत म्हणून नवऱ्याला ताऱ्यासारखं वजा केलं. उजवीकडे मी, साडीत घामाघूम. आणि त्याच्या डाव्या खांद्यापाशी एक करडा डाग.

लेन्सवर बोट लागलं असेल म्हणून दुसरा फोटो घेतला. मग बाजारातला, मग घुमटाच्या जिन्यावरचा, कॅमेरे वेगळे, काढणारे वेगळे. भिंती बदलल्या, माणसं बदलली, डाग तिथेच. तो पुढे झाला की डागही पुढे.

१० एप्रिल

गेल्या तीन वर्षांतले त्याचे सगळे फोटो ऑफिसातल्या मित्रांकडून मिळवले. डाग सगळ्यांत आहे. तीच ती. मेली, पण गेली नाही.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. रात्रंदिवस त्याच्या खांद्याला चिकटून राहायचं आणि मी समोर पाहुण्यासारखी बसायचं! आज सरळ जाऊन डाव्या खुर्चीत बसले. टिल्ली रडत ताटावरून उठली. मी उठले नाही. पोरीचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर जिंकल्याचा आनंद जास्त होता.

२३ एप्रिल

आता रोज डावीकडेच बसते, चालते, झोपते. नवऱ्याला हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. आज तिसऱ्यांदा मीठ मागितलं तेव्हा त्याने दचकून पाहिलं, आवाज कुठून आला ते कळलं नसावं.

मोठ्या बाई म्हणाल्या, चेहरा उतरलाय, सुट्टी घे. सुट्टी घ्यायची ती पहिलीने, मी कशाला?

६ मे

मोठ्या बाईंनी माझ्या पडद्यावर घरचे फोटो पाहिले. ओरडतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्याच. टिल्लीची आईसुद्धा शेवटी शेवटी इथे घरचे फोटो घेऊन बसायची, असं म्हणाल्या.

मग डागाकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण हे कशावरून ठरवलंस? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तिच्या आधीचं चित्र पाहिलंस? जुन्यातलं जुनं चित्र पाहिल्याशिवाय जोडी जाहीर करायची नाही, हे नवशिक्यालाही कळतं, म्हणाल्या.

मला ते कळत होतं. पण तिचा चेहरा बघायचा नव्हता.

८ मे

पेटी उघडली. साधी बाई. पुढच्या दातांत फट, केस विस्कटलेले, कडेवर तान्ही टिल्ली, नवऱ्याच्या उजवीकडे उभी राहून खदखदून हसतेय. हिच्यावर जळत होते मी?

नवऱ्याला वजा केलं. डावीकडे डाग आहे.

लग्नाआधीचा त्याचा फोटो. डाग आहे. शाळेतला, अर्ध्या चड्डीतला, दोन्ही बाजूंनी मुलं, फक्त याच्या डावीकडे एका माणसाची जागा रिकामी. तिथेही आहे.

ती नाही. ती कधीच नव्हती.

९ मे

तिचे नंतरचे फोटो पाहिले. तिनेही जागा बदललेली. आता डावीकडे उभी. हसत नाही. पुढच्यात आणखी फिकी. शेवटच्यात तिच्या पोटातून मागच्या भिंतीची भेग दिसते —

१० मे

टिल्लीला विचारलं. ती म्हणाली, बाबांची ती बाजू कुणाची तरी आहे, आईलासुद्धा सांगितलं होतं. पण आई हट्टाने तिथेच बसायला लागली.

१२ मे

मार्चपासूनचे माझे फोटो जुळवले. मी त्याला चिकटून उभी होते, दंडाला दंड लावून. चित्रात अंतर आहे. प्रत्येक वेळी थोडं जास्त. डाग त्याच्याबरोबर सरकतो, मी मागे पडतेय.

परकी मी आहे.

१४ मे

टिल्लीला दुपारच्या बसने माझ्या आईकडे पाठवलं. फोनवर आई म्हणाली, तूही ये, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? टिल्लीने बसच्या दारात माझा हात सोडला नाही. पहिल्यांदाच आई म्हणाली मला. आई, तू पण चल.

पाय निघत होता. पण मी गेले की डावीकडच्या तिला मोकळं रान — माझा नवरा, माझं घर — नाही. मी नाही जाणार.

लेक कुठे गेली हे त्याने अजून विचारलेलं नाही.

१५ मे

त्याच्यासमोर उभी राहून ओरडले. तो माझ्यातून घुमटाकडे बघत —

१६ मे

डावीकडेच बसलेय. वही टेबलावर. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागतोय, ऊब कळतेय. हलणार नाही.

त्याने दोन ताटं वाढली. एक माझ्यापुढे. माझ्याचपुढे ना?

तो हसतोय. लाजतोय. माझ्याशी असा कधीच नाही लाजला — कधीच —

म्हणतोय, ये, बस. मी तर बसलेलीच आहे. डावीकडे खुर्ची एकच आहे, आणि तिच्यात मी —

माझ्या मांडीवर कुणीतरी