आमची गंगी राखीव

सोमवार, १७ जानेवारी १९८३
सगळ्यात आधी आली ती शरणम्मा. सुनेनं हळदी-कुंकवाला चारचं बोलावणं केलं, ही तीनलाच हजर. वाण काय आहे ते आधी डोळ्यांनी चाचपलं, मग टेकली. वाण म्हणजे प्लास्टिकचे मग. म्हणाली, शिवकांता, गावात पाणी न्हाई, मगात काय धरावं? मी म्हणलं, आमच्या आडाला हाय अजून, तुझ्यावाणी स्टेशनच्या नळावर भांडावं लागत न्हाई. तिनं वाण पदराखाली घेतलं. पण शेजारीण कशाची सोडते! जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, तुझ्या नातीचं नाव शाळेच्या फळ्यावर लिहिलंय, आता वाचता येतं ना तुला? जा की बघून. आणि हसली.
येतं वाचता. बायकांच्या वर्गात गौसियाबाईनं शिकवलं. तिनंच सांगितलं रोज दोन ओळी लिहा म्हणून. दोन ओळींत माझं काय भागतं?

मंगळवार, १८. रात्री
मधल्या सुट्टीत शाळेत गेले. फळा स्वतः वाचला, कुणाला विचारलं नाही. लं-ग-डी. त्याच्याखाली पहिलंच नाव शिवगंगा वीरण्णा. माझी गंगी! चौथीत आहे, दोन्ही पाय सागवानासारखे. खाली आणखी आठ पोरी. बाजूला वेगळी चौकट करून लिहिलेलं, रा-खी-व. तिथं एकटी नीलम्मा. शरणम्माची नात.
राखीव म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी अक्षरं पक्की केली ती एसटीत बसून. पुढच्या बाकावर असतं, आमदारांसाठी राखीव. म्हणजे नीलम्मा आमदाराच्या जागेवर, आणि आमची लंगडी!
पटांगणात बघते तर किशनराव गुरुजी शिट्टी फुंकून राहिलेत आणि गंगी भर उन्हात एका पायावर उड्या मारून राहिली. बाकीच्या पोरी तिला बघून पळून राहिल्या, जशी काय हिला देवी निघाली. नीलम्मा लिंबाच्या सावलीत बसून बोरं खात होती.
संध्याकाळी गंगीला विचारलं. ती म्हणाली, अम्मा, शिक्षा कुठली, खेळ हाय तो. मी सगळ्यांना बाद करते. सव्वीस तारखेला लातूरला जायचंय. लेकरू किती समजूतदार! आजीच्या जिवाला लागू नये म्हणून सांगून राहिलं. लंगडी मलाही माहीत आहे, मी काही अडाणी नाही. पण खेळाला कुणी चुन्याची रेघ ओढतं? खेळाची नावं फळ्यावर लिहितात? आम्ही खेळलो तर मार खायचो, शिट्टी कुणी वाजवली नाही.
ठरलं. किशनराव गुरुजीला सोडणार नाही. शरणम्मालाही नाही. गुरुजी आधी.

गुरुवार, २०
सूड सुरू. शाळेला प्यायचं पाणी जातं ते आमच्याच आडाचं. शिपाई रोज सहा घागरी नेतो. सकाळी दोर काढून पलंगाखाली टाकला, वर मी बसले. शिपाई आला, रिकामा गेला. मग गुरुजी स्वतः आले. दुष्काळ आहे, लेकरं पळतात, त्यांना तहान लागते, असं म्हणाले. मी म्हणलं, मग पळवता कशाला, बसवा गुमान. वीरण्णा मोंढ्याच्या बाजारातून जेवायला आला, त्यानं विचारलं, आई, दोर कुठाय? मी म्हणलं, उंदरानं नेला. जेवून परत गेला, पोरगा गुणी आहे.
लई बरं वाटलं. भाकरी अर्धी जास्त गेली.

शुक्रवार, २१
मधल्या सुट्टीत साठ लेकरं अंगणात. गुरुजींनी सांगितलं म्हणे, पाणी ज्याचं त्यानं आडावर जाऊन प्या. शाळेपासून आमच्या घरापर्यंत पळत आली, घामानं निथळून. पुढं गंगी, एका पायावर. तिनं पलंगाखालचा दोर बरोबर काढला.
रागावणार होते. पण धापा टाकणारी लेकरं समोर उभी, तांबडी तोंडं, हात पुढं. मीच शेंदून राहिले. संक्रांतीचे लाडू उरले होते, तेही गेले. एक पोरगा म्हणाला, अम्मा, तुमच्या पाण्याला गोडी हाय. कुणाचा आहे कोण जाणे, मोठा माणूस होणार.
सहाऐवजी दहा घागरी गेल्या. माझा दंड भरून आलाय.
उद्यापासून कडक.

शनिवार, २२
आजही आली. लाडू नव्हते, फुटाणे दिले. सोमवारपासून कडक.

सोमवार, २४. रात्री नाही, आत्ताच लिहिते, गरम गरम
आज जिंकले!
लातूरहून साहेब आले, जीपमधून. जिल्हा उस्मानाबादला होता तेव्हा साहेब दिसायला वर्ष लागायचं. आता लातूरच जिल्हा झालं तर साहेब दुपारच्या आत. सोमवारचा उपास असून मी तशीच उठले, कपाळाला विभूती, हातात काठी, शाळेत.
साहेब गुरुजींना सांगून राहिले होते, दुष्काळ असला तरी मधल्या सुट्टीतलं पळणं-खेळणं बंद करू नका, लेकरं तगडी राहतात. मी मधेच शिरले. म्हणलं, साहेब, तगडी ठेवा, पण ज्यांना झेपतं त्यांना. ही शिवगंगा, हिच्या डाव्या पायात जन्मापासून दोष हाय. आम्ही घरात झाकून ठेवलं. आणि हे गुरुजी तिला एका पायावर नाचवून राहिलेत.
देवा, तेवढं खोटं माफ कर. जोर आणायला बोलावं लागतं.
गुरुजींनी तोंड वासलं. म्हणाले, साहेब, ही पोरगी पहिल्या नंबरची, हिच्यावर तर सगळी टीम. साहेब लाल झाले. लेकराचा पाय न तपासता खेळवता? असं सगळ्यांसमोर झापलं की पोरं वर्गातून माना काढून बघून राहिली. मी लगेच म्हणलं, तिला राखीव करा. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, लई मवाळ नजरेनं, आणि स्वतःच्या पेननं यादीत बदल केला. नीलम्मा लंगडीत, गंगी राखीव!
घरी येताना शरणम्माच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेले.
गंगी कोपऱ्यात तोंड करून बसली. जेवली नाही. मानाची सवय नाही लेकराला.

बुधवार, २६. दुपारी दोन
सकाळी जीप आली. नऊ पोरी बसल्या, नीलम्मा खिडकीशी. शरणम्मानं लिंबू उतरवलं तिच्यावरून, मला दिसेल असं. गंगीला मी नवा परकर-पोलका घालून, वेणीत फूल माळून ओट्यावर बसवलं. राखीवची गाडी वेगळी येत असणार. आमदार काही सगळ्यांत कोंबून जातो का?
अकरा वाजले. बारा. गंगी म्हणाली, अम्मा, कुणी न्हाई येणार. मी म्हणलं, थांब.
दोन वाजले. ऊन ओट्यावर आलंय. तिनं फूल काढून टाकलं.

शुक्रवार, २८
शरणम्मा साखर घेऊन आली. हरले. नीलम्मा दुसऱ्याच उडीला दुसरा पाय टेकवून बसली. तरी साखर? म्हणाली, पोरीनं लातूर बघितलं की. तुझ्यामुळंच नशीब उघडलं तिचं, शिवकांता.
वर्गात गौसियाबाईला सहज विचारलं, राखीव म्हणजे काय. ती म्हणाली, कुणी आजारी पडलं तर घ्यायला बाजूला ठेवलेली. मी एसटीचं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण डोळे हसून राहिले होते.
गंगी माझ्याशी बोलत नाही. तिसरा दिवस. सुट्टीत पोरं पाणी प्यायला येतात, ती येत नाही. माझं चुकलं असं नाही. फळ्यावर नीट लिहायला काय झालं होतं गुरुजींना? नवीन वाचणाऱ्या माणसाचा विचार नको?

सोमवार, ३१
साहेब पुन्हा आले, घरीच. सोबत एक बाई, कागद घेऊन. दोष असलेल्या मुलीसाठी लोखंडी पट्ट्याचा बूट मिळतो, नव्या जिल्ह्यातली पहिलीच केस, असं म्हणून राहिल्या. लई कौतुकानं.
मी सांगितलं, खरं सांगितलं, साहेब, पाय चांगला हाय, मी रागाच्या भरात बोलले. साहेबांनी माझा हात धरला. म्हणाले, आजीबाई, लाजू नका. आधी सगळेच झाकतात. तुम्ही हिम्मत केली.
वीरण्णानं त्यांच्या कागदावर अंगठ्याऐवजी माझी सही घ्यायला लावली. सही चांगली आली.
ते गेल्यावर गंगी बोलली. सहाव्या दिवशी तोंड उघडलं. म्हणाली, अम्मा, डॉक्टर आला की मी लंगडतच पुढं जाणार. डावा पाय ओढत. तू मग काय सांगशील?
पाय तपासायला डॉक्टर येणार म्हणाले गुरुवारी, ३ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता. पोरीला शाळेत पाठवू नका म्हणाले.