लाल मेणटोपीचा ठावठिकाणा

३ जून
दोन तास दरीत गुडघ्यांवर. लाल मेणटोपी एकही नाही. दक्षिण गोलार्धातला आमचा हा जूनचा हिवाळा, सलग तिसरा रिकामा! शर्टाच्या बटणाएवढी अळंबी, पण एके काळी शेवाळात चाळीस मोजली होती मी. या महिनाअखेर सापडली नाही, तर कौन्सिल दरीचं संरक्षण काढणार आणि मधून सिमेंटची वाट नेणार.
निघताना सवयीने बूट घासून स्पिरिट मारलं, मातीतला रोग इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून. गुडघे ठणकतायत.

९ जून
आज आमच्या तण काढणाऱ्या गटाचा शनिवार. चहा ओतताना नोरीन म्हणाली, “ग्लेनिस, प्रिव्हेटची ती परकी झुडपं एका झटक्यात उपटलीस तू. सावली गेली, शेवाळ वाळलं.” थोडं काढा, मूळचं रान परत येईपर्यंत थांबा, हा तिचा नियम. मी पाच वर्षांचं काम एका मोसमात उरकलं होतं. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, नोरीन सोडून.
अति तिथे माती. मी तिच्याशी धड बोलले नाही. तिचं बरोबर आहे म्हणूनच राग आला.

१० जून
काही केलं नाही. कंटाळा आलाय सगळ्याचाच.

१४ जून
प्रिव्हेट आता फक्त दरीच्या कुंपणापलीकडे उरलंय, शेजारच्या म्हाताऱ्या व्लाहोसच्या परसात. त्या जंगलाबद्दल अकरा वर्षं कौन्सिलकडे तक्रारी करतेय मी! आज कुंपणावरून डोकावले. गर्द सावली, ओलं शेवाळ. आत बघायला त्याची परवानगी हवी. कोणत्या तोंडाने मागू?

१५ जून
नाही गेले. लाज वाटली.

१७ जून
गेले. म्हातारा हसतच दारात आला, कॉफी दिली, परसात नेलं. सगळं भुंडं! कौन्सिलची नोटीस आली म्हणून त्याने काल माणसं लावून साफ करून घेतलं होतं. “ग्लेनिसबाई, आता तरी खूश ना?” खवचटपणे नाही, मनापासून विचारलं त्याने.
खाली लाल लाल काही होतं का, एवढंच विचारलं. होतं म्हणे, पुष्कळ. माणसांच्या पायाखाली गेलं. रंग आवडला म्हणून त्याने तीन उचलून खिडकीत ठेवली होती. ती मला देऊन टाकली.
घरी येऊन रडले.

१८ जून
तिन्ही वाळवली, कौन्सिलला नमुना म्हणून पाठवायच्या पाकिटात घातली. नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, झाड, माती, सगळं लिहायचं असतं. एकवीस वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नाही. नवीन लोकांना पहिला धडा मीच देते: चिठ्ठी खोटी तर नमुना कचरा.
‘कुठे सापडलं’पुढे लिहिलं: दरी, जुनी जागा. खाली सही केली.