कसे पडले ते सांगू नका

चि. बाळ्यास आशीर्वाद,

अक्षर वाकडं येईल, डाव्या हाताने लिहितोय.

तुझी आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना मी गडबडून "पुन्हा या हं" म्हणालो. ते तू स्टेजवर सांगितलंस आणि लोक खुर्चीत लोळले. मागे बसून मीही हसलो.

तेव्हापासून तू दर रविवारी यायला लागलास, टेबलावर फोन रेकॉर्डिंगला ठेवून. मग मी रिमोट कानाला लावला. लिफ्टमधल्या आवाजाला "बरं ताई" म्हटलं. मुद्दामच रे. नाहीतर तू कशाला आला असतास?

गेल्या खेपेला म्हणालास, "बाबा, तेच तेच होतंय आता. लोक आधीच ओळखतात." त्यानंतर फिरकला नाहीस.

काल मी बाथरूममध्ये साबणावर पाय ठेवला. बराच वेळ भीती वाटली, मग ठेवला. हात मोडला. शेजारीण धावत आली, तर मी उघडाच, आणि तिला म्हणालो, "चहा घेणार?"

चांगलं आहे ना?

पण लिहून कळवलं तर तू तिथूनच स्टेजवर सांगून मोकळा होशील. म्हणून हे पत्र टाकत नाही. शेजारणीला बजावलंय, फोनवर फक्त पडले एवढंच सांगा, कसे ते सांगू नका.

तुझे,
बाबा