पुस्तकं ठेवायची कुठे?

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल रोज लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी? (आई म्हणते, उभी.)

इकडे तुमच्या आर्किटेक्ट भाचीने गावच्या नव्या वाचनालयाचा आराखडा केला आणि भर सभेत स्वतःचं हसं करून घेतलं. तीन महिने खपून पुठ्ठ्याचा नमुना बनवला होता: काचेची भिंत, मधोमध ऐसपैस जिना, वर गच्चीत बाकं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हवेत! तेवढ्यात ग्रंथपाल बाई उठल्या. दोन खोल्यांतलं जुनं वाचनालय एकतीस वर्षं एकटीने सांभाळणारी ही बाई. आवाज इतका हळू की अख्खी सभा पुढे वाकली. म्हणाल्या, "छान आहे हो. फक्त पुस्तकं ठेवायची कुठे?"

मामा, मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. जिन्याखाली चार कपाटं होती. पुस्तकं नऊ हजार!

मी पार ओशाळले. बाई मात्र हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जुन्या वाचनालयात दिवसभर बसवून घेतलं. (पहिला तास मी भिंतींची मापं घेतली, मग टेप खिशात घातली.) निवृत्त पोस्टमास्तर एकच वर्तमानपत्र दोन तास वाचतात, कारण घरी बोलायला कुणी नाही. शिवणकाम करणाऱ्या एक काकू तर पुस्तक उघडतही नाहीत. पंख्याखाली डोळे मिटून बसतात.

मी विचारलं, "हे चालतं?"

"त्यांच्या घरी सात माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "इथे त्यांना कुणी हाक मारत नाही."

घरी आले आणि पहिल्यांदा तो जिना खोडला. काचेची भिंत अर्धी केली, तिथे कपाटं आली. सगळं तळमजल्यावर, आणि पंख्याखाली पाठ टेकता येईल अशा खुर्च्या. परवा आराखडा मंजूर झाला. पोस्टमास्तरांनी नव्या नमुन्यात "ही माझी खुर्ची" म्हणून एवढ्या हक्काने बोट खुपसलं की छप्पर कोसळलं. पहिली टाळी मीच वाजवली.

तुमची,
भाची

ता. क. – कपाटं तुमच्या देखरेखीखाली व्हावीत असं बाईंचं म्हणणं आहे. तुमच्या तोडीचा सुतार इथे नाही, असं मीच त्यांना सांगितलंय.

ता. क. २ – ते खोटं आहे. इथे चांगले तीन सुतार आहेत. पण मामी गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नाहीत असं आई सांगते, आणि तुम्हाला नुसतं "या" म्हटलं तर तुम्ही येणार नाही. करवत घेऊन या. नाहीतर नुसते या.