गुंड्याचे पथ्य

भुकूम,
रविवार

प्रिय अमोघ,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडलेला नाही, कारण खाडाखोड केलेले पत्र पाठवणे मला आवडत नाही. फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि ‘बाबा, बीपी!’ एवढे म्हणून तू विषय संपवला असतास. पत्राला असे मध्येच गप्प बसवता येत नाही.

गुंड्याची सूज उतरली आहे. तू विचारलेले नाहीस, तरी सांगतो. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला तू त्याच्यापुढे गव्हाची खीर आणि वडे ठेवलेस. तुमची गाडी पौड रस्त्याला लागते न लागते तोच त्याचे तोंड सुजले, डोळे मिटले. कानामागे खाजवून त्याने रक्त काढले. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मीच त्याला विष घातले होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. माझ्या वयात, तुझ्यामुळे.

त्या दिवशी काय झाले ते तुला पुन्हा सांगतो, कारण तुझ्या लेखी काही झालेच नाही. कावळ्याचे पान गच्चीच्या कठड्यावर ठेवले होते. कावळा येईना. हेमलताआत्या म्हणाली, “अरे, वहिनीचं मन कशात तरी अडकलंय, काहीतरी बोला.” मग एकेकाने हात जोडले. तू म्हणालास, “आई, बाबांना आम्ही सांभाळू.” सूनबाई सायली म्हणाली, नातवाची मुंज वेळेवर करू. कावळा ढिम्म. पाहुणे भुकेले, गुरुजींना पुढे शेजारच्या चांदे गावी जायचे होते. मी सोवळे सोडायला आत गेलो, तेवढ्यात तू ते पान उचलून गुंड्यापुढे ठेवलेस. मी ओरडलो तेव्हा काय म्हणालास, आठवते? “बाबा, आईच्या नावाचा घास आहे. एवढ्याने काय होतंय?” आणि आत्या कौतुकाने म्हणाली, “कुत्र्याचंही पान असतंच की शास्त्रात.”

गव्हाने आणि दुधाने काय होते, हे शोधण्यात तुझ्या आईचे अख्खे वर्ष गेले होते. लवासाच्या रस्त्यावरून तिने हे पिल्लू पदरात घालून आणले, तेव्हापासून त्याच्या अंगावर चट्टे. कोंबडी बंद केली, पोळी बंद केली, दूध बंद केले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नुसते रताळे आणि मासा यांवर त्याला कितीतरी आठवडे ठेवले. मग एकेक पदार्थ चिमूटभर वाढवून पाहायचा, अंग पाहायचे, पुन्हा थांबायचे. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी आले नव्हते. तरी मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळे पातेले मांडून ती धरणातला कटला मासा उकडत असे आणि मग अंघोळ करून स्वयंपाकघरात पाय ठेवत असे. मी नाकाला रुमाल लावून तिला हसत होतो.

आजार वाढल्यावर तिला उभे राहवेना. तेव्हा तिने पडवीत खुर्ची मांडून घेतली, मला समोर पाटावर बसवले आणि मासा माझ्या हातात दिला. मी चमचा मागितला. ती म्हणाली, “चमच्याला काटा कळत नाही हो. बोटांनी कुस्करा, अगदी हळू.” मला शिसारी आली होती. पण शिकलो. मीठ नाही, कांदा-लसूण नाही, डॉक्टरांनी दिलेली औषधाची पूड गार झाल्यावरच घालायची. अमोघ, मी तिच्यावरही रागावलेलो आहे. त्या उरलेल्या दिवसांत तिने मला कुत्र्याचे जेवण शिकवले. मला माझे साधे वरण शिकवले नाही. धोंडाबाई केर काढता काढता रोज टोमणा मारते, “सायेब, कुत्र्याला पथ्याचं ताट आन् तुमी चहा-बिस्किटावर! बाई असत्या तर दोगास्नीबी लई बोलल्या असत्या.” मी बिस्कीट चहात बुडवतो.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बुधवारी चांदे गावचा तो फार्महाउसवाला टेम्पो आणि साखळी घेऊन दारात उभा! “अमोघसायबांशी बोलणं झालंय, आमच्या हितं राखणीला हुईल. उरलंसुरलं खाईल, मजेत ऱ्हाईल.” मी त्याला पाणीही विचारले नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारण्याची माझ्या आयुष्यातील ही पहिली वेळ. ‘कुत्रा गेला की बाबा मोकळे, मग आपोआप आपल्याकडे हिंजवडीला येतील’ हा तुझा हिशेब मला समजला. मोकळे होऊन मी करायचे काय, हे त्या हिशेबात कुठे आहे?

कावळ्यावर माझा विश्वास नाही. तरीही त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. गच्चीत सगळे इतके बोलले; गुंड्याच्या जेवणाचे कोणीही बोलले नाही. मीसुद्धा नाही.

आता पत्राचे खरे कारण. पुढच्या आठवड्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. काळजीचे काही नाही. परंतु काही दिवस रुग्णालयात राहावे लागेल आणि नंतरही वाकता येणार नाही. धोंडाबाई मायाळू आहे, म्हणूनच गुंड्याचे जेवण तिच्यावर सोपवता येत नाही. ती लपवून बिस्कीट घालते. दुसऱ्या कोणाला सांगावे असे मला वाटत नाही. तेव्हा ऑपरेशनच्या आधी, येत्या शनिवारी सकाळी तू ये. एकटा ये. मी आईच्या खुर्चीवर बसेन, तू पाटावर बसायचे. तुझी बोटे तिच्यासारखी आहेत, तुला जमेल. माझा राग गेलेला नाही आणि तू आलास म्हणून लगेच जाईल, असेही समजू नकोस.

येताना नखे कापून ये.

तुझाच, अद्याप रागावलेला,
बाबा